छावणींतील दिवे आणि त्यांची निगा

(दुष्काळ व आपत्ति निवारण समितीच्या विद्यमानें शिळफाटा येथें भरलेल्या सभेंत केलेलें भाषण. देणगीदारांच्या माहितीसाठीं या अहवालांत छापिलें आहे.)



दुष्काळ-निवारण समितीच्या सभेस आपण येतां तेव्हां धान्य किती वांटलें, चारा किती पुरविला, विहिरी किती उपसल्या, हें ऐकण्याची आपली अपेक्षा असते व ती यथायोग्यच आहे. तो सर्व तपशील हिशेबासह निराळा दिला आहे. आज आम्ही जो विषय आपणांपुढें मांडणार आहों तो ऐकून कित्येकांस किंचित् आश्चर्य वाटेल. तो विषय म्हणजे आपद्ग्रस्तांच्या छावणींतील विजेच्या तारा, दिवे व पंप, आणि त्यांची निगा. दुष्काळ-निवारणाचें काम करणाऱ्या मंडळीनें तारांच्या भानगडींत कां पडावें, अशी शंका येणें साहजिक आहे. सबब प्रथम तिचेंच निरसन करितों.

पोटास अन्न नसणें हा दुष्काळ खराच. पण ज्या वस्तूवांचून जीवित चालत नाहीं तिचा तुटवडा म्हणजेही दुष्काळच होय. आजच्या छावणींत पाणी विंधणविहिरींतून येतें आणि तें विजेचा पंप वर आणितो. वीज गेली कीं नळ कोरडा पडतो, आणि भर पावसाळ्यांत माणसें पाण्यावांचून राहतात. सरकारी मदत बँकेंत जमा झाल्याची खबर मोबाईलवर येते. मोबाईल भारावयास वीज नसेल तर ज्याचे पैसे त्यालाच त्याची वार्ता नाहीं. मधुमेही मनुष्याचें इन्सुलिन थंड जागीं ठेवावें लागतें. आणि काळोखाचें भय तर आपणां सर्वांस ठाऊकच आहे. आपल्या या भागांत पावसाळ्यांत मण्यार रात्रीं घरांत शिरते व जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. तिचा दंश इतका सूक्ष्म असतो कीं पुष्कळदां निजलेल्यास तो कळतही नाहीं. याच जिल्ह्यांतील महाडच्या डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनीं विंचवाच्या व सर्पाच्या विषावर उपचार करण्यांत आयुष्य वेंचलें. परंतु वैद्य कितीही कुशल असला तरी दंश झाला हें कळावयास आधीं दिवा लागतो.

ही गोष्ट दूरदेशची नव्हे. ता. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं याच खालापूर तालुक्यांत इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीस धांवलेलीं माणसें पावसांत व अंधारांत डोंगर चढून गेलीं. २७ मृतदेह हातीं लागले, ५७ माणसांचा शोध लागलाच नाहीं, आणि ता. २३ जुलै रोजीं शोध थांबविण्यांत आला. वांचलेल्या आदिवासी कुटुंबांस चौक येथें लोखंडी कंटेनरांच्या तात्पुरत्या वसाहतींत आणण्यांत आलें. कायमचीं घरें बांधण्याचें काम सिडकोकडे सोंपविण्यांत आलें. तथापि वर्ष उलटलें तरी कुटुंबांचा मुक्काम कंटेनरांतच होता. त्यापूर्वीं ता. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये गांव दरडीखालीं गेलें, तेव्हांही वांचलेल्यांच्या वांट्यास कंटेनरच आले. दरडींचें भय असलेल्या गांववाड्या आपल्या जिल्ह्यांत अनेक आहेत. पुढील पावसाळ्यांत यांपैकीं कोणावर असा प्रसंग येणार नाहीं असें कोणीही छातीठोकपणें सांगूं शकणार नाहीं.

‘तात्पुरती’ या शब्दानें आपण फसूं नये. १९४७ सालीं देशाची फाळणी झाल्यावर सिंधमधून आलेले निर्वासित येथून जवळच कल्याणच्या लष्करी छावणींतील बराकींत उतरले. लढाईच्या दिवसांत सैनिकांसाठीं घाईनें उभारलेली ती छावणी. ती कधीं उठलीच नाहीं; १९४९ सालीं तिचें उल्हासनगर झालें. छावणी उभारणारा महिन्यांचा हिशेब करितो, राहणारा वर्षें काढितो, आणि तारा मात्र महिन्यांच्याच बेतानें ओढलेल्या असतात. अपघाताचें मूळ येथें आहे.

आतां या तारांचें दुखणें काय असतें तें थोडक्यांत सांगतों. आम्ही पडलों कायद्याचे पदवीधर. विजेचें शास्त्र आमचें नव्हे. परंतु जाणत्या वायरमन मंडळींस विचारून जेवढें समजून घेतलें तेवढें आपणांपुढें ठेवितों.

लोखंडी घर हें विजेच्या दृष्टीनें साध्या घरासारखें नव्हे. विटांच्या भिंतींत तारेचें आवरण फाटलें तर दोष बहुधा त्या जागेपुरता राहतो. कंटेनरांत मात्र तार ज्या छिद्रांतून आंत शिरते त्याची धार वाऱ्यानें व उन्हानें होणाऱ्या हालचालीबरोबर आवरणास रोज थोडथोडी घासते. तेथें रबराची कडी बसविलेली नसली, किंवा ती झिजून गळून पडली, कीं एके दिवशीं आंतील तांबें पत्र्यास टेकतें व सबंध घर विजेनें भारलें जातें. आंत बसलेल्या माणसास त्याचा पत्ताही नसतो. तारेवर बसलेल्या पाखरास जसा धक्का बसत नाहीं तसा त्यासही बसत नाहीं, कारण त्याच्या भोंवतीं सर्वत्र दाब एकच असतो. घात होतो तो उंबरठ्यावर. पावसांत भिजून आलेली बाई ओल्या जमिनीवर अनवाणी उभी राहून दाराची कडी धरते, त्याच क्षणीं वीज तिच्या देहांतून जमिनीकडे वाट काढिते. दोन घरांमध्यें कपडे वाळविण्यासाठीं बांधलेली लोखंडी तार हाच दोष शेजाऱ्याच्या दारापर्यंत पोंचविते. या तालुक्यांत वर्षास सुमारे तीन हजार मिलिमीटर, कोठें त्याहूनही अधिक, पाऊस पडतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे भय केवढें आहे याची कल्पना येईल.

यावर उपाय दोन. पहिला अर्थिंगचा. घराचें लोखंड जाड तारेनें जमिनींत खोल पुरलेल्या नळीस जोडावयाचें, म्हणजे गळणारी वीज माणसाऐवजीं त्या तारेनें जमिनींत जाते. नळीभोंवतीं कोळसा व मीठ घालून खड्ड्यांत ओल ठेवितात. आपल्याकडील मुरूम व त्याखालचा काळा दगड वैशाखांत इतका कोरडा होतो कीं श्रावणांत उत्तम चाललेलें अर्थिंग तेव्हां निकामी होऊं शकतें. त्या खड्ड्यांत अधूनमधून घागरभर पाणी ओतणें आणि वर्षांतून एकदोनदां यंत्रानें मोजून पाहणें, एवढेंच काम. परंतु तें कोणाचें, हें ठरलेलें नसलें तर तें कोणीच करीत नाहीं.

दुसरा उपाय आरसीसीबी नांवाच्या लहानशा खटक्याचा. जाणारी वीज व परतणारी वीज यांचा ताळा तो अखंड पाहत असतो; ३० मिलिअँपिअर इतकी, म्हणजे एका अँपिअरचे शंभर भाग केले तर त्यांतील तीन भागांइतकी, तूट आढळली कीं निमिषार्धांत पुरवठा तोडतो. व्यापारी मंडळींस सांगावयाचें तर जमाखर्चाचा मेळ बसला नाहीं कीं तत्क्षणीं दुकान बंद करणारा हा मुनीम आहे. त्याच्यावर एक बारीकशी कळ असते. ती महिन्यांतून एकदां दाबून मुनीम जागा आहे कीं निजला आहे हें पाहावयाचें असतें.

आणि येथेंच आमच्या विषयाचें मर्म आहे. श्रावणांतील रात्र, मूसळधार पाऊस, कोठें तरी सांधा भिजला आहे. मुनीम आपलें काम चोख करितो व वीज तोडतो. खटका वर केला तर पुन्हा पडतो. मुलें रडतात, पंखा बंद, पाणी बंद. दोष शोधणारा माणूस छावणींत नाहीं. दूरध्वनि केला तर उद्यां येतों असें उत्तर येतें. मग कोणी एक धाडसी तरुण दोन तारा काढून खटक्याच्या बाहेरूनच जोडून देतो. दिवे लागतात, सर्वजण त्याची वाहवा करितात. परंतु भिजलेला सांधा होता तसाच आहे, आणि रक्षण करणारा मुनीम कायमचा रजेवर गेला आहे; भिंतीवर तो दिसतो म्हणून कोणास संशयही येत नाहीं. गृहस्थहो, त्या तरुणास दोष देऊं नका. काळोखांत बसलेल्या मुलांसाठीं आपणही तेंच केलें असतें. दोष शोधणारा माणूस तासाभरांत येणार नसेल तर उत्तमांतलें उत्तम संरक्षक यंत्रही लोक आपल्या हातांनीं काढून टाकितात. म्हणून छावणीस यंत्राहूनही अधिक गरज असते ती माणसाची.

भाराची गोष्टही अशीच. एलईडीचा दिवा नऊ वॅटचा, छताचा पंखा पाऊणशें वॅटचा. पाणी तापविण्याचा रॉड मात्र दीड हजार वॅटचा, म्हणजे वीस पंख्यांइतका. थंडींतल्या सकाळीं चाळीस घरांनीं एकदम रॉड लाविले तर साठ किलोवॅट भार होतो. ६३ केव्हीए क्षमतेचें सबंध रोहित्र एवढ्यानेंच व्यापून जातें.  मुख्य पेटींतील न्यूट्रलचा सांधा सैल झाला तर कांहीं घरांतील दाब २३० व्होल्टांवरून वाढत ४०० व्होल्टांपर्यंत चढूं शकतो, आणि ज्या कुटुंबानें सर्वस्व गमावल्यावर देणगींतून एक पंखा मिळविला तोही जळून जातो. सैल सांधा आवळावयास पेंचकस व चार मिनिटें पुरतात. मात्र तो सैल झाला आहे हें आधीं पाहणारा डोळा पाहिजे.

मग हें काम करावयाचें कोणी? आमच्या धंद्याचा संबंध येथें येतो. २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम ४३ प्रमाणें जागेच्या मालकानें वा भोगवटादारानें मागणी केल्यास वीज देणें हें वितरण कंपनीचें कर्तव्य आहे. छावणींत राहणारें कुटुंब मालक नसलें तरी भोगवटादार आहे, असें आमचें मत आहे. परंतु कंपनीची जबाबदारी सामान्यतः मीटरापाशीं संपते. मीटराच्या पुढची तार ग्राहकाची. साध्या घरांत यांत अडचण नाहीं; ग्राहक म्हणजे घरमालक. छावणींत मात्र मीटर एकाच्या नांवावर, जमीन दुसऱ्याची, कंटेनर तिसऱ्यानें दिलेले, तारा चौथ्यानें ओढलेल्या, व त्याच्या कामाची मुदत संपलेली. राहणारें कुटुंब यांपैकीं कोणीच नव्हे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षाविषयक विनियम आहेत. अपघात झाल्यास कलम १६१ प्रमाणें सूचना द्यावी लागते, चौकशी होते, जबाब घेतले जातात. तथापि चौकशी ही गेलेल्या जिवानंतरची गोष्ट होय. मीटरापासून दिव्यापर्यंतची ती पन्नास-शंभर हात तार कायद्यानें कोणाची तरी असते, व्यवहारांत ती कोणाचीच नसते. त्या बेवारशी तारेची निगा आपल्या समितीनें पत्करावी, एवढीच आमची सूचना आहे.

यावर जे आक्षेप येतील त्यांचा विचार करणें प्राप्त आहे. पहिला, हें सरकारचें काम आहे. आहेच, तें सरकारनें करावें म्हणून अर्ज-विनंत्या करणें हेंही आमच्या कार्यक्रमांत आहे. परंतु ठराव, अंदाजपत्रक व निविदा यांस आपापला वेळ लागतो, आणि भिजलेला सांधा तितका वेळ देत नाहीं. दुसरा, सौर दिवे दिले कीं झालें. सौर दिवा चांगला, पण त्यासही निगा सुटलेली नाहीं. त्याची बॅटरी कांहीं वर्षांनीं थकते, पत्र्यावर धूळ बसते, आणि आषाढांत सूर्यदर्शनच दुर्मिळ. जॉर्डन देशांतील झातरी येथें सीरियांतून आलेल्या निर्वासितांची छावणी आहे. तेथें २०१७ सालीं १२.९ मेगावॅटचें सौर केंद्र उभें राहिलें, आणि त्यानंतरही घरांस दिवसांतून ठराविक तासच वीज देतां आली. त्याच देशांतील अझराक छावणींत सौर केंद्र उभारतांना निर्वासितांपैकींच कांहीं जणांस शिकवून कामास लाविलें, ही गोष्ट मात्र अनुकरणीय आहे. तिसरा आक्षेप असा कीं, लोक वीज उधळतात. रॉड लाविणारी आई वीज उधळीत नाहीं, ती लेंकराचें अंग धुते. सामायिक पाणी तापविण्याची व्यवस्था केली तर रॉड आपोआप बंद होतील. हीही निगेचीच एक बाब होय.

समितीनें जी योजना आंखिली आहे ती येणेंप्रमाणें आहे. छावणी उघडल्या दिवसापासून ती उठेपर्यंत परवानाधारक वायरमन एक, पगारी, हांकेच्या अंतरावर राहणारा असावा. त्याच्या हाताखालीं छावणींतीलच दोन मुलें वा मुली उमेदवार म्हणून घ्याव्या, व त्यांची इच्छा असल्यास पुढें त्यांस शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतील विजेच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास समितीच्या खर्चानें पाठवावें. सांधे, खटके, तार, रबरी कड्या व दिवे यांचा सांठा एका पेटींत कुलुपबंद असावा. मृगापूर्वीं एकदां व दसऱ्यानंतर एकदां सर्व घरांची तपासणी व्हावी. दरम्यान दरमहा प्रत्येक खटक्याची कळ दाबून पाहावी. आणि या सर्वांची एक वही असावी. कोणत्या घराची तक्रार केव्हां आली, माणूस केव्हां पोंचला, दोष काय निघाला, हें तींत रोजच्या रोज लिहावें. ती वही देणगीदारांपैकीं कोणीही केव्हांही पाहावी. आपल्या दुकानाची रोजकीर्द जशी आपण पाहतां तशीच ती पाहावी, अशी आमची विनंती आहे.

ही योजना खर्चाची नाहीं, मात्र नित्याच्या खर्चाची आहे. आणि आमची खरी अडचण तीच आहे. कंटेनर, पंखे, दिवे यांसाठीं देणगी मिळते. त्यांवर दात्याचें नांव रंगवितां येतें, छायाचित्र घेतां येतें. तेराव्या महिन्याच्या वायरमनच्या पगारावर कोणाचें नांव रंगवावें? चांगला आरसीसीबी दोन हजार रुपयांच्या आंतबाहेर येतो व तो देणारे पुष्कळ भेटतात; त्याची कळ दरमहा दाबणाऱ्या बोटाचा खर्च देणारा भेटत नाहीं.

गृहस्थहो, आपण ज्या भूमीवर बसलों आहों तिला विजेचें महत्त्व सांगावयास नको. येथून जवळच खोपोलीस घाटमाथ्यावरील तळ्यांचें पाणी लोखंडी नळांतून खालीं येतें, आणि टाटांच्या केंद्रांत १९१५ पासून वीज होऊं लागली. मुंबईच्या गिरण्या त्या विजेनें चालल्या. पुढें १९२२ सालीं कर्जत तालुक्यांतील भिवपुरीचें केंद्र सुरू झालें. अशाच कामासाठीं मुळशीचें खोरें पाण्याखालीं जाणार म्हणून १९२१ सालीं मावळ्यांनीं सत्याग्रह मांडिला व सेनापति बापट यांनीं त्याचें नेतृत्व केलें. शेवटीं धरण झालें व माणसें उठलीं. डोंगरांतील माणसांनीं दिलेल्या पाण्यानें व जमिनीनें आपल्या पेढ्या, गोदामें व बंगले उजळले आहेत. त्याच डोंगरांतील वाडी खालीं येऊन लोखंडी पेटींत राहावयास लागली तर तिच्या उंबरठ्यावर मरण बसूं नये, एवढें पाहणें यांत उपकार नव्हे. ही जुन्या देण्याची अल्पशी फेड आहे.

आणि नित्याच्या खर्चास दान देणें ही कांहीं नवी रीत नव्हे. आपल्या पूर्वजांनीं देवळांस नुसत्या समया दिल्या नाहींत. नंदादीप अखंड तेवावा म्हणून तेलासाठीं जमिनी लावून दिल्या, दिवाबत्तीचीं इनामें करून दिलीं. दिवा दिला आणि तेल दिलें नाहीं तर तें दान अर्धेंच, हें त्यांस कळत होतें. खोपोलीस नाना फडणिसांनीं तळें बांधिलें, त्यांचें नांव आजही घेतलें जातें. परंतु कोणत्याही तळ्यांत पाणी राहतें तें वेळोवेळीं गाळ काढणाऱ्यांमुळें, आणि त्यांचीं नांवें कोणी लिहून ठेविलेलीं नसतात. आज आम्ही आपणांस त्या नांव नसलेल्या मंडळींत येण्याचें आमंत्रण देत आहों.

सबब आमची प्रार्थना अशी. ज्यांस एकरकमी देणगी द्यावयाची असेल त्यांनीं ती ‘दिवाबत्ती निगा निधि’ या खात्यांत द्यावी. ती मुद्दल म्हणून ठेवून तिच्या व्याजांतून पगार भागविण्याचा समितीचा मानस आहे. ज्यांस दरमहा देणें सोईचें असेल त्यांनीं निदान तीन वर्षांचें वचन लिहून द्यावें. रक्कम लहान असली तरी चालेल, मध्येंच थांबणारी नसावी. जमीनदार मंडळींनीं आपल्या मालकीची उंचवट्याची, पाणी न साचणारी व रोहित्राजवळची जागा प्रसंगीं देण्याचें आजच कळवावें, म्हणजे ऐन वेळीं चिखलांत खांब रोंवावे लागणार नाहींत. विजेच्या सामानाच्या दुकानदारांनीं सांठ्याची पेटी मूळ किंमतींत भरून द्यावी. आणि ज्यांस यांतील कांहींच शक्य नसेल त्यांनीं महिन्यांतून एक दिवस येऊन ती वही पाहावी. वहीवर परक्या माणसाची नजर असणें हीदेखील मोठी देणगी आहे.

पाऊस कोणाच्या सोयीनें पडत नाहीं. दरड कोसळल्यावर निधि जमविण्यास आपण सर्वजण धांवाल याविषयीं आम्हांस यत्किंचितही शंका नाहीं. मागणें एवढेंच कीं, ती धांव थांबल्यावरही त्या वसाहतींतील दिव्यास कोणी वाली असावा.